दहा इंच चाललेली कबर

मी मोजणीचा एक जुना कापडी टेप बोलतोय, आणि सुरुवातीलाच कबूल करतो की माझ्या आठवणीवर माझाच फारसा विश्वास नाही. एकेचाळीस ते त्रेचाळीस फुटांमधले माझे आकडे घासून पुसट झाले आहेत. तिथे काय लिहिलं होतं ते मागच्यापुढच्या आकड्यांवरून ताडावं लागतं. आठवणींचंही तसंच होतं. मधलं काही निसटलं की मी अलीकडचं पलीकडचं पाहून अंदाज बांधतो, आणि थोड्या दिवसांनी तो अंदाजच आठवण म्हणून सांगत सुटतो. तेव्हा पुढचं सगळं इंच-दोन इंचांचा फरक धरूनच ऐका.

तरीही सांगतो. कारण एका कबरीबद्दल गावात जे बोललं गेलं, त्याची सुरुवात माझ्यापासून झाली. निदान मला बरीच वर्षं तसं वाटत होतं.

मी जन्मलो तेव्हा बरोबर शंभर फूट होतो. यात फुशारकी नाही. कारखान्यातून बाहेर पडताना सगळेच बरोबर असतात. घट्ट विणीचं तागाचं कापड, त्यावर पिवळसर रोगण, इंचांचे आकडे काळे आणि फुटांचे लाल. एका टोकाला पितळी कडी, दुसरं टोक चामड्याच्या गोल डबीत आणि डबीच्या पोटावर मला गुंडाळायची छोटी दांडी. नव्या रोगणाचा वास मला अजून आठवतो. म्हणजे आठवतो असं वाटतं.

पहिली पंधरा वर्षं मी एका अभियांत्रिकी महाविद्यालयात होतो. भूमापन शिकवणारे एक प्राध्यापक होते. सगळे त्यांना नुसतं 'सर' म्हणत. वर्गात ते मला टेबलावर ठेवून व्याख्यान देत, त्यामुळे त्यांचं प्रत्येक व्याख्यान मी पंधरा वेळा ऐकलं. माझं जे काही शिक्षण झालं ते एवढंच, पण ते पक्कं झालं.

सर म्हणायचे, "चुका दोन जातींच्या असतात. एक चंचल. आज इकडे, उद्या तिकडे. ती आपोआप फिटते. दुसरी एकनिष्ठ. दर वेळी त्याच बाजूला, तेवढीच. ती फिटत नाही, साचत जाते. आणि तिचा आवाज होत नाही. तिला घाबरा."

मुलं वहीत लिहून घ्यायची, आणि मैदानावर गेल्यावर मला दोन्हीकडून धरून रस्सीखेच खेळायची. कापड ते कापडच. ताणलं की थोडं वाढतं, ओलं झालं की आखडतं. वाढलेलं मात्र पुरतं मागे येत नाही.

म्हणून सरांनी एक नेम ठेवला होता. महाविद्यालयाच्या लांब व्हरांड्यात फरशीत दोन पितळी खुणा बसवल्या होत्या, बरोबर शंभर फुटांवर. दर वर्षी पहिल्या दिवशी सर मला त्या खुणांमध्ये ताणून पाहत. बोटभर वाढलो असलो तर वहीत तेवढी दुरुस्ती लिहीत. शेवटची दोन वर्षं हा नेम चुकला, कारण त्यांची पत्नी आजारी होती आणि सर तास संपला की छत्री विसरून घरी पळत. निवृत्तीच्या महिन्यात त्यांनी मला पुन्हा ताणून पाहिलं. मी पाच इंच वाढलो होतो.

सर बराच वेळ उकिडवे बसून राहिले. मग माझ्या दांडीला त्यांनी पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधली. तिच्यावर लिहिलं, 'बाद'. पण मला फेकणं त्यांना जमेना. घरी नेऊ म्हणून पिशवीत टाकलं आणि विसरून गेले.

त्याच महिन्यात त्यांची पत्नी वारली.

आता त्या दफनभूमीबद्दल सांगायला हवं. गावाच्या कडेला दगडी भिंतीची एक मोठी जागा, लोखंडी फाटक, फाटकाच्या आत डाव्या हाताला एका खोलीची कचेरी. फाटकापासून सरळ आत एक पायवाट जाते आणि पुढे हळूहळू उतरत जाते. कबरी वाटेच्या दोन्ही बाजूंना. बऱ्याच कबरींवर नाव नाही. गरिबाघरचं माणूस असलं की डोक्याशी एक अनघड दगड रोवायचा, बस्स. मग कोण कुठे, हे कळायचं कसं? तिथल्या राखणदाराकडे एक नोंदवही होती. फाटकाच्या डाव्या खांबापासून वाटेने किती फूट, किती इंच, हे प्रत्येक दगडाचं माप त्यात लिहिलेलं. माणसाचं नाव आणि माप. बाकी काही नाही. राखणदार म्हणायचा, "मेल्यावर माणसाचा पत्ता एवढाच. खांबापासून किती."

हे माप तो एका पोलादी टेपने घ्यायचा. सरांच्या पत्नीचं माप घेतलं, सत्त्याण्णव फूट बरोबर, आणि गुंडाळताना तो गंजलेला टेप मधोमध तुटला. राखणदार ओशाळला. एवढ्या दुःखाच्या वेळी असं काही तुटणं त्याला बरं वाटेना.

आठवड्याने सर पत्नीला भेटायला आले तेव्हा पिशवीतून मला काढून त्यांनी राखणदाराच्या हातात दिलं. "राहू दे तुमच्याकडे. मला आता काय मोजायचंय?"

चिठ्ठी? ती पिशवीतच गळून पडली होती. सरांच्या ध्यानात आलं नाही. तीस वर्षं मुलांना जे शिकवलं ते ध्यानात आलं नाही. मी ओरडायला हवं होतं. पण आम्हा लोकांना फक्त आकडा दाखवता येतो.

वर्षभर माझी फारशी गरज पडली नाही. मग एके दिवशी राखणदाराला नवी कबर खणायची होती, शिवणवालीच्या शेजारी.

शिवणवाली म्हणजे आधीच्या वर्षी वारलेली एक म्हातारी. आयुष्यभर लोकांचे कपडे शिवून तिने एकुलत्या एक मुलीला शिकवलं होतं. मुलगी दवाखान्यात परिचारिका होती. सगळे तिला नर्सबाई म्हणत. शेवटी शेवटी म्हातारीला काही आठवेना. बाहेर पडायची आणि स्वतःच्याच चौकात हरवायची. दोनदा लोकांनी हाताला धरून घरी आणली. म्हणून नर्सबाई कामावर जाताना बाहेरून कुलूप लावू लागली. एका दुपारी कुलूप उघडलं तर आई दाराशीच पडलेली. हात कडीवर.

तर राखणदाराने माझी कडी शिवणवालीच्या दगडाला अडकवली आणि खांबापाशी येऊन आकडा वाचला. चौऱ्याऐंशी फूट एक इंच. नोंदवहीत होतं, चौऱ्याऐंशी फूट सहा. त्याने पुन्हा मोजलं. मग टोपी काढून डोकं खाजवलं, आणि संध्याकाळी कोपऱ्यावरच्या चहाच्या दुकानात सहज बोलून गेला, "एक कबर पाच इंच फाटकाकडे सरकलीय बुवा."

"कुणाची?"

त्याने नाव सांगितलं. एक म्हातारा म्हणाला, "निघाली म्हणायची. दाराचा जाब विचारायला."

एवढं पुरलं. माणसांना पाच इंच कसे आले याचं कारण नको असतं. कुणाच्या घराकडे आले ते हवं असतं.

तेव्हापासून दर वर्षी, म्हातारी गेली त्या तारखेला, दफनभूमीच्या समितीची माणसं येत आणि तिचं माप घेत. समितीचे अध्यक्ष लाकडाच्या वखारीचे मालक होते. त्यांना सगळे वखारवाले म्हणत. माणूस मोठ्या आवाजाचा, पण माझी कडी दगडाला लावायची वेळ आली की ते दहा पावलं मागे उभे राहत.

"किती आलं?"

"त्र्याऐंशी अकरा."

"गेल्या वर्षी?"

"बरोबर चौऱ्याऐंशी."

"म्हणजे एक इंच. सावकाश येतेय, पण येतेय."

"शिवणारी ना ती," राखणदार म्हणायचा. "टाक्याटाक्याने जाणारच. आणि एक सांगू का, पावसात ती मागे सरते. मागे भर पावसात मी मोजलं होतं, इंचभर मागे. भिजायचं नसेल बिचारीला."

लोक हसले. हसताना सगळ्यांनी फाटकाकडे एकदा वळून पाहिलं.

पावसात तिचं मागे सरणं म्हणजे माझं आखडणं होतं, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. कदाचित कळलंही होतं. पण एक गोष्ट मला छळायची. वाटेवर पसरलो की माझ्या पोटाखाली गार माती असे, दोन्ही बाजूंना गप्प दगड असत, आणि कडी शिवणवालीच्या दगडाला टेकली की तिकडून एक बारीकशी ओढ यायची. कुणी सुईत दोरा ओवून टोक किंचित खेचावं तशी. राखणदाराच्या हाताची असेल. त्याचा हात कापायचा. पण इतर दगडांपाशी तशी ओढ मला कधी जाणवली नाही. अर्थात, इतर दगड आता कुणी मोजतच नव्हतं.

सहा वर्षं अशी गेली. दवाखान्यात लोक नर्सबाईच्या हातून सुई टोचून घेईनात. बाया पोरांना तिच्या सावलीतून ओढून नेत. तिच्या गल्लीतलं एक बिऱ्हाड सोडून गेलं. शेवटी समितीने ठरवलं की येत्या रविवारी कबर उघडायची, आणि जे असेल ते टेकडीपलीकडच्या पडीक माळावर नेऊन पुरायचं. तिथून फाटक तीन मैल. इंचाइंचाने यायला तिला युगं लागली असती.

सर दर गुरुवारी पत्नीच्या कबरीपाशी येऊन बसत. त्या गुरुवारी नर्सबाई फाटकाबाहेर त्यांची वाट पाहत उभी होती. आईला पुरल्यापासून ती आत आली नव्हती. मी कचेरीच्या खिळ्यावर लटकलो होतो, खिडकी उघडी होती.

"सर, तुम्ही शिकलेले आहात. तुमचं ऐकतील. आईला उकरू देऊ नका."

सर गडबडले. "बाई, मी मोजणी शिकवायचो. हे असलं मला… तुम्हाला काय वाटतं? खरंच सरकते ती?"

"आठ वर्षं झाली, मी दाराला कडी लावत नाही. कुलूप तर नाहीच. नुसतं लोटून घेते. आता तुम्हीच समजा."

"मग नेऊ देत की लांब. तुमचाही त्रास संपेल."

"त्रास!" ती एकदम म्हणाली. "अहो, रागावून येत असली तरी माझी आई आहे ती. येऊ दे आली तर. तिकडे माळावर टाकलं तर तिला वाट कशी सापडायची? तिला चौकातून घर सापडत नव्हतं, सर."

सरांनी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता. "बघतो," म्हणाले. "मला किती जमेल सांगता येत नाही. पण बघतो."

शुक्रवार आणि शनिवार सर दफनभूमीत फिरत होते. ओळंबा धरून त्यांनी फाटकाचा खांब तपासला. खांब सरळ होता. जमिनीचा उतार पाहिला. माती सरकून दगड ढळला असेल अशी त्यांना आशा होती, पण उतार फाटकापासून आत, खाली होता. दगड फाटकाकडे यायचा तर त्याला चढ चढावा लागला असता. झाडाची मुळं जवळपास नव्हती. उंदराघुशींची बिळं नव्हती. सर कचेरीत येऊन बाकावर बसले आणि वहीत एकेक कारण खोडत गेले. खोडण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा त्यांनी वही मिटली. समोर, हातभर अंतरावर, खिळ्याला मी लटकत होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही. मी आपला, घरचा, त्यांनीच दिलेला. घरच्यावर कोण संशय घेतो?

रविवारी सकाळी धुकं होतं. दोन खणणारे फावडी घेऊन आले होते. समितीचे लोक होते आणि बघे तर फाटकात मावत नव्हते. नर्सबाई रस्त्याच्या पलीकडे, बंद दुकानाच्या पायरीवर उभी होती.

"आधी एकदा मोजून घेऊ," सर म्हणाले.

"मोजा मोजा. शेवटचंच," वखारवाले म्हणाले.

त्र्याऐंशी फूट आठ इंच. नोंदीपेक्षा दहा इंच कमी. लोकांत कुजबुज झाली. खणणाऱ्यांनी फावडी उचलली.

सर म्हणाले, "आता अलीकडची मोजा."

"अलीकडची कशाला? तिथे सुतार आहे. तो कुठे चालतोय?"

"मोजा म्हटलं ना!" सरांचा आवाज चढलेला मी पहिल्यांदा ऐकला. मला वाटतं तेही दचकले.

सुताराची नोंद बासष्ट फूट बरोबर. राखणदाराने माझ्यावरचा आकडा वाचला. "एकसष्ट… सात."

"म्हणजे?"

"म्हणजे सुतारही पाच इंच पुढे आलाय."

मग मागून एक आवाज आला, "त्याने कुणाचं काय केलं होतं?"

सरांनी वहीत आकडे लिहिले. मग खाली मान घालून म्हणाले, "सत्त्याण्णव."

राखणदार चुळबुळला. "सर, तिथे तर…"

"कोण आहे ते मला ठाऊक आहे. चला."

कडी लावायला सर स्वतः गेले. सर्वांत आतला, उताराच्या टोकाचा तो दगड. फाटकाशी राखणदाराने आकडा पाहिला, पुन्हा पाहिला, आणि ओरडून सांगितला. "शहाण्णव फूट, सव्वाचार इंच!"

पावणेआठ इंच.

सरांनी कडी सोडली नाही. त्यांचा अंगठा कडीवर होता, म्हणून मला ठाऊक आहे त्यांना काय झालं ते. भीती नव्हती ती. त्यांचं सगळं अंग एखाद्या पोराने दारावरची थाप ऐकावी तसं ताठ झालं. "तू पण?" ते हळूच म्हणाले. इतकं हळू की फक्त मी ऐकलं. "तू पण निघालीस होय?"

तिकडे फाटकाशी बोभाटा झाला होता. सगळेच निघालेत, सगळी दफनभूमीच निघालीय. आणि मग मी एक गमतीची गोष्ट पाहिली. एवढी गर्दी, पण वाटेच्या मधोमध, फाटकाच्या तोंडाशी कुणी थांबेना. लोक दोन्ही बाजूंना सरकले. येणाऱ्यांना वाट हवी म्हणून.

सर वाटेने वर आले. फार सावकाश आले. प्रत्येक पावलाला त्यांचा चेहरा बदलत होता, आणि खांबापाशी पोहोचेपर्यंत तो पुन्हा वर्गातला चेहरा झाला होता. पण मला तो आवडला नाही. काहीतरी हातचं सोडून आल्यासारखा होता.

"आता कचेरी," ते म्हणाले. "खांबापासून कचेरीच्या पायरीपर्यंत. बांधकामाच्या नकाशात तीस फूट आहे."

राखणदाराने मोजलं. एकोणतीस फूट साडेनऊ इंच.

वखारवाल्यांनी डोळे वटारले. "म्हणजे काय, आता कचेरीही चालायला लागली?"

"छे हो," गर्दीतून कुणीतरी म्हणालं. "कचेरीत तर कामसुद्धा चालत नाही!"

आधी एक हसला, मग चार, मग सगळे. सहा वर्षांची भीती त्या हसण्यातून भसाभसा बाहेर पडली. खणणारे फावड्यांवर रेलून हसत होते. हसत नव्हते ते दोघंच, सर आणि मी.

"टेप वाढलाय," सर म्हणाले. "पोलादी टेपने लिहिलेली मापं आणि या टेपने घेतलेली मापं जुळणार नाहीत. लांब टेपवर प्रत्येक अंतर कमी दिसतं. जितकं दूर तितकं जास्त कमी. हा बाद टेप आहे. मीच बाद केला होता, आणि मीच इथे आणून दिला."

"एवढी वर्षं आम्हाला या चिंधीने नाचवलं?" वखारवाले गरजले.

"टेपने नाही. मी. तुम्ही सगळ्यांनी एकच कबर मोजलीत, ते मी शिकवलेलं नव्हतं. पण टेप माझा होता."

वखारवाले पुटपुटत निघून गेले. जाताना त्यांनी खणणाऱ्यांना हातानेच 'चला' म्हणून खूण केली.

आता जे सांगतो ते मी कुणाला सांगितलेलं नाही. सर कचेरीच्या पायरीवर बसले होते, त्यांची वही उघडी होती आणि मी त्यांच्या मांडीवर होतो. त्यांनी एकाखाली एक लिहिलं होतं. बासष्ट फुटांना पाच इंच. चौऱ्याऐंशीला दहा. सत्त्याण्णवला पावणेआठ. पेन्सिलीचं टोक 'दहा'पाशी येऊन थांबलं. मी कुठेही, कसाही ताणलो असलो तरी पुढच्या फुटाला मागच्यापेक्षा कमी चूक येऊच शकत नाही. हे पहिल्या वर्षाच्या मुलालाही कळेल. चौऱ्याऐंशीला पावणेसात यायला हवे होते. सरांनी पेन्सिल तिथेच टेकवून ठेवली. मग वही मिटली.

नर्सबाई रस्ता ओलांडून फाटकापर्यंत आली होती. उंबऱ्याबाहेरच.

"म्हणजे सर, माझी आई जागची हललीच नाही?"

वीस-बावीस वर्षं मी या माणसाला ओळखत होतो. त्यांनी कधी एकही माप 'अमुक इंच अधिक-उणे' जोडल्याशिवाय सांगितलं नव्हतं. घड्याळात किती वाजले विचारलं तरी 'सुमारे' म्हणायचे. त्यांनी नर्सबाईकडे पाहिलं.

"नाही," ते म्हणाले. "एक इंचही नाही."

तिला बरं वाटेल असं मला वाटलं होतं. तिचा चेहरा कडू औषध गिळल्यासारखा झाला. "म्हणजे ती येतच नव्हती," ती म्हणाली, आणि फाटकाला धरून रडायला लागली. "मी आपली दार उघडं ठेवून बसले!"

सर उठले. माझी डबी त्यांच्या हातातच होती. "नव्हती येत," ते म्हणाले. "म्हणून आता तुम्हालाच जावं लागेल, बाई. चला. मी खांबापासून मोजून दाखवतो कुठे आहे ती."

आठ वर्षांनी ती आत आली. तो दगड तिला ओळखूही आला नाही. सरांनी दाखवल्यावर ती त्याच्याशेजारी खाली बसली आणि कुणाशी तरी भांडावं तशा आवाजात बोलायला लागली. कुलूप का लावलं, दवाखान्यात त्या दिवशी कुणी बदली मिळाली नाही, यायला उशीर का झाला. सरांनी मला गुंडाळलं आणि ते तिथून दूर गेले. पुढचं मी ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी सरांनी मला महाविद्यालयात नेऊन त्या पितळी खुणांमध्ये ताणलं. शंभर फुटांना आठ इंच. वाढ सगळीकडे सारखी. त्यांनी नवी चिठ्ठी बांधली, या वेळी दोरा दुहेरी घेऊन, आणि मला राखणदाराकडे परत आणून दिलं. "फेकू नका. पण कुणाला मोजायला देऊ नका."

नर्सबाई दर रविवारी यायला लागली. कधी शिवण घेऊन यायची, दगडाशेजारी बसून फाटलेलं काहीतरी शिवत बसायची. दवाखान्यात लोक पुन्हा तिच्याकडून सुई टोचून घेऊ लागले. सर चार वर्षांनी वारले. ते आता पत्नीच्या शेजारी आहेत, सत्त्याण्णव फुटांच्या ओळीतच.

मी खिळ्यावर आहे. माझं चामडं तडकलंय, कापडाला कसर लागलीय. करण्यासारखं काही नसल्याने मी हिशेब उलटसुलट करत बसतो. त्या रविवारी राखणदाराने मला ढिलं धरलं असेल का? पहिल्याच वेळी पोलादी टेप वाचताना त्याची नजर चुकली असेल का? की मीच ते आकडे चुकीचे लक्षात ठेवले, 'दहा' मुळात 'पावणेसात'च होतं आणि गोष्ट रंगावी म्हणून मी वाढवलं? मी वाढणाराच आहे. माझ्यावर विसंबून कुणाला दोषी धरू नका, एवढीच विनंती. भीती वाटेल ते मोजा, पण मग शेजारचंही मोजा. आणि मोजणाऱ्यालाही एकदा मोजून घ्या.

सर गेल्यानंतर नऊ वर्षांनी दफनभूमीचा नवा नकाशा करायला एक मोजणीदार बाई आल्या. चकचकीत पोलादी टेप, हातात जुनी नोंदवही. राखणदार आता म्हातारा झाला होता; तो खिडकीशी बसून एकेक नोंद वाचत होता आणि बाहेरून बाई आकडा सांगत होत्या. सुतार, बासष्ट फूट बरोबर. नोंदीइतकंच. सरांच्या पत्नी, सत्त्याण्णव बरोबर. नोंदीइतकंच. पोलादी टेपच्या काळात नोंदलेले दीडशेवर दगड मोजले, सगळे आपापल्या जागी. एका ठिकाणी मात्र बाई थांबल्या आणि त्यांनी टेप पुन्हा लावला. शिवणवाली, चौऱ्याऐंशी फूट पावणेतीन इंच. नोंद चौऱ्याऐंशी फूट सहा इंचांची. सव्वातीन इंच फाटकाकडे, चढावर. त्या रविवारी मी दाखवलेल्या आकड्यात माझी पावणेसात इंचांची चूक मिळवली तर हेच माप येतं, चौऱ्याऐंशी फूट पावणेतीन इंच. म्हणजे नर्सबाई आत आली त्या दिवसापासून तेरा वर्षांत ती कबर जागची हललेली नाही.